जुन्या संगणकाचे बायोस अपडेट करावे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या बायोसविषयीची (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या चिपमधल्या प्रोग्रामविषयीची) पत्रे या सदराकडे इतकी जमली आहेत की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझा डेस्कटॉप बारा-तेरा वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या बायोसवर २०१२ची तारीख दिसते. मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच बोर्डासाठी नंतरच्या चार आवृत्त्या ठेवलेल्या आहेत, शेवटची २०१४ची. संगणकाला सध्या काहीही त्रास नाही. एक परिचित म्हणतात की अपडेट केल्याने संगणक वेगवान होईल. दुसरे म्हणतात की हे म्हणजे चालत्या गाडीला खीळ घालणे आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दुसऱ्यांचे ऐकावे, मात्र ते भीतीपोटी नव्हे, तर आपण स्वतःच लिहिलेल्या ‘सध्या काहीही त्रास नाही’ या वाक्यासाठी. बायोसचे मुख्य काम वीज मिळाल्यापासून ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती कारभार सोपवेपर्यंतच्या काही सेकंदांचे असते. प्रोसेसर ओळखणे, रॅम तपासून तिचा वेग ठरवणे, कीबोर्ड आणि डिस्क जागी करणे, आणि कोणत्या डिस्कवरून पुढे जायचे ते पाहणे, एवढे झाले की ते बाजूला होते. विंडोज किंवा लिनक्स चालू झाल्यावर आपण जे काम करतो त्यात त्याचा वाटा अगदी थोडा असल्याने वेगाची अपेक्षा ठेवून अपडेट करणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते.

‘बायोसला हात लावू नये’ या समजुतीला इतिहास आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये हा प्रोग्राम रॉममध्ये कायमचा भरलेला असे आणि त्यातली चूक सुधारायची तर चिप उपटून दुसरी बसवावी लागे. नव्वदच्या दशकात फ्लॅश मेमरी रुळल्यावर तोच प्रोग्राम संगणकावरूनच पुसून पुन्हा लिहिता येऊ लागला, आणि ज्या वाटेने मालकाला लिहिता येते त्याच वाटेने दुसऱ्यालाही लिहिता येते हे सीआयएच नावाच्या व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी दाखवून दिले. त्याने डिस्कच्या सुरुवातीचा भाग तर पुसलाच, शिवाय काही प्रकारच्या मदरबोर्डांवरचे बायोसही बिघडवले. असे यंत्र पुन्हा सुरूच होत नसे. त्या काळात ज्यांनी हे पाहिले त्यांची धास्ती मी समजू शकतो.

तेव्हा निर्णय कारणावरून घ्यावा. त्या चार आवृत्त्यांपुढे कंपनीने काय बदलले ते एक-दोन ओळींत लिहिलेले असते, ते वाचा. ‘अमुक प्रोसेसरसाठी आधार’, ‘तमुक रॅमशी असलेली अडचण दूर’, ‘झोपवलेला संगणक पुन्हा जागा होत नसे ते दुरुस्त’ अशा नोंदी उपयोगाच्या असतात, कारण त्या आपल्याला लागू आहेत की नाहीत हे लगेच कळते. ‘सिस्टीमची स्थिरता वाढवली’ एवढेच लिहिले असेल तर त्यातून काहीही कळत नाही, आणि ज्याचा संगणक अस्थिर नाही त्याने त्या नोंदीसाठी जोखीम घेण्याचे कारण नाही.

सुरक्षिततेचे कारण मात्र वेगळे काढून पाहावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा त्यांवरचा एक उपाय मायक्रोकोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतील सूचनासंचात बदल करण्याचा होता. हा मायक्रोकोड बायोसमधून भरता येतो, पण विंडोज आणि लिनक्स या दोन्हींनाही तो स्वतः सुरू होतानाच भरता येतो. त्यामुळे ज्या जुन्या बोर्डाला कंपनीने २०१४नंतर विचारलेही नाही, त्याच्या मालकाला ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत ठेवून या बाबतीत बरेच काही मिळवता येते. अर्थात त्या प्रोसेसरसाठी नवा मायक्रोकोड निघालेला असला पाहिजे. इंटेलने कोअर २ पिढीसाठी तो अखेर काढला नाही.

एक गोष्ट मात्र आजच करावी. आपल्या बोर्डाची शेवटची बायोस फाइल उतरवून घेऊन दोन ठिकाणी जपून ठेवावी, मग ती आज वापरायची असो वा नसो. जुन्या बोर्डांची पाने कायम राहतातच असे नाही. इंटेलने डेस्कटॉप मदरबोर्ड बनवणे थांबवण्याचे २०१३ मध्ये जाहीर केले आणि २०१९च्या अखेरीस त्या बोर्डांच्या जुन्या बायोस फायली आपल्या संकेतस्थळावरून काढूनही टाकल्या.

प्रश्न : माझ्याकडे एच६१ चिपसेटचा बोर्ड आणि दुसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर आहे. वापरलेला तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर मिळाला म्हणून तो बसवला. पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. जुना प्रोसेसर परत बसवला की सगळे ठीक चालते. विकणारा म्हणतो की प्रोसेसर चांगला आहे. मग दोष कोणाचा?

उत्तर : बहुधा कोणाचाच नाही. दोन्ही पिढ्यांना एकच एलजीए ११५५ सॉकेट लागत असल्याने प्रोसेसर जागेवर व्यवस्थित बसतो. परंतु २०११ मध्ये निघालेल्या बोर्डाच्या बायोसला २०१२ मध्ये आलेल्या प्रोसेसरची ओळख असण्याचे कारण नाही. ओळख पटली नाही तर बायोस पडद्यापर्यंत पोहोचण्याआधीच थांबते आणि आपल्याला केवळ फिरणारा पंखा दिसतो. अपडेटला इतके चोख कारण क्वचितच असते.

बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘सीपीयू सपोर्ट’ या नावाची यादी असते. तिच्यात आपल्या प्रोसेसरचे पूर्ण नाव शोधा. त्यापुढे तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेले असेल. यादीत नाव नसेल तर प्रयत्न सोडून द्यावा. याच घराण्यातील क्यू६७ किंवा बी६५ या चिपसेटांना इंटेलने तिसऱ्या पिढीचा अधिकृत आधार दिलेला नाही, त्यामुळे ‘सॉकेट तेच आहे’ एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

कामाचा क्रम असा, की जुना आय३ बसवलेलाच ठेवून आधी बायोस अपडेट करावे, संगणक एकदा नीट सुरू होतो हे पाहावे, आणि मगच प्रोसेसर बदलावा. हे उघड वाटते, पण जुना प्रोसेसर विकून मोकळे झाल्यावर आलेली पत्रे माझ्याकडे आहेत. आणखी एक सावधगिरी अशी की या पिढीच्या अनेक बोर्डांवर बायोसबरोबर मॅनेजमेंट इंजिन नावाचा दुसरा फर्मवेअरही (चिपमध्ये भरलेला प्रोग्राम) सातव्या आवृत्तीवरून आठव्यावर न्यावा लागतो. काही कंपन्यांनी हे एकाच फायलीत केले आहे, तर काहींनी मधली एक आवृत्ती आधी टाकायला सांगितली आहे. तसे असेल तर नोंदीत लिहिलेले असते आणि मधली पायरी गाळायची नसते. शिवाय आठव्यावर गेल्यावर मागे येणे सोपे राहत नाही.

उलट प्रकारही घडतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या काही बोर्डांवरील १६ एमबीची चिप इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांना अपुरी पडली, म्हणून नव्या बायोसमधून काही जुन्या प्रोसेसरांचा आधार काढावा लागला. अशा बोर्डावर नवीनतम आवृत्ती टाकली तर आज चालणारा प्रोसेसरच उद्या ओळखला न जाण्याची शक्यता असते. ‘शेवटची म्हणजे उत्तम’ असे धरून न चालता यादी वाचणे त्यासाठीच आवश्यक आहे.

प्रश्न : संकेतस्थळावर माझ्या बोर्डाच्या नावाचे तीन बोर्ड दिसतात. नेमकी फाइल कशी ओळखावी?

उत्तर : विंडोजमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ हा प्रोग्राम उघडला की बेसबोर्डचे नाव, बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते, लिनक्सवर डीएमआयडीकोड ही आज्ञा हेच सांगते. परंतु तीन सारखी नावे असतील तेव्हा मी पडद्यावर विसंबत नाही. संगणक बंद करून, केबल काढून कॅबिनेटची एक बाजू उघडावी आणि टॉर्चच्या उजेडात बोर्ड पाहावा. मॉडेलचे नाव बहुधा रॅमच्या किंवा विस्तारपट्ट्यांच्या खाचांजवळ ठळक छापलेले असते. त्याखेरीज एखाद्या कोपऱ्यात, बहुतेकदा धुळीच्या थराखाली, ‘रेव्ह’ या अक्षरांपुढे १.० किंवा २.१ असा आकडा असतो. नाव तेच असूनही आवृत्ती १.० आणि २.१ यांतील नेटवर्कची, आवाजाची किंवा खुद्द बायोसची चिप वेगळी असू शकते, आणि म्हणून त्यांच्या फायलीही वेगळ्या असतात. अपडेटचा प्रोग्राम चुकीची फाइल सहसा नाकारतो, पण ‘सहसा’ या शब्दावर बोर्ड पणाला लावू नये.

तयार, ब्रँडेड संगणकाच्या बाबतीत नियम वेगळा आहे. आतला बोर्ड कोणत्याही कारखान्यातून आलेला असो, बायोस मात्र ज्या कंपनीचे नाव कॅबिनेटवर आहे तिच्याकडूनच घ्यावे आणि मागच्या चिकटपट्टीवरील सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर टाकूनच फाइल शोधावी.

प्रश्न : अपडेटची प्रत्यक्ष पद्धत कृपया सविस्तर सांगावी. विंडोजमधून करावे की पेनड्राइव्हवरून?

उत्तर : पेनड्राइव्हवरून, आणि तेही बायोसच्या आत असलेल्या साधनाने. असूसचे ईझी फ्लॅश, गिगाबाइटचे क्यू-फ्लॅश, एमएसआयचे एम-फ्लॅश, एएसरॉकचे इन्स्टंट फ्लॅश ही सगळी एकाच कामाची वेगवेगळी नावे आहेत. विंडोजमधून चालणारे प्रोग्रामही काम करतात. पण लिहिण्याचे काम चालू असताना अँटिव्हायरस, पार्श्वभूमीतले दुसरे अपडेट किंवा अडकलेला एखादा ड्रायव्हर मध्ये येण्याची शक्यता तिथे अधिक असते. काही ब्रँडेड संगणकांसाठी केवळ विंडोजवरचाच प्रोग्राम मिळतो; तेव्हा बाकीचे सगळे बंद करून तोच चालवावा. ज्या बोर्डांना आतले साधनच नाही, त्यांच्यासाठी रूफस या प्रोग्रामने फ्रीडॉसचा बूट होणारा पेनड्राइव्ह करून कंपनीचा डॉसवरचा प्रोग्राम चालवता येतो.

सुरुवात रॅमपासून करा. हे ऐकून काही वाचक चकित होतील, पण नवी फाइल चिपमध्ये जाण्यापूर्वी रॅममध्ये ठेवली जाते, आणि रॅमची एखादी पट्टी सदोष असेल तर चांगली फाइलही तिथे बिघडू शकते. मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवून एकही चूक न दिसणे ही जुन्या यंत्रासाठी योग्य परीक्षा आहे. प्रोसेसरचा किंवा रॅमचा वेग हाताने वाढवलेला असेल तर तो मूळ जागी आणा. जो संगणक अधूनमधून आपोआप बंद पडतो त्याचा पॉवर सप्लाय आधी तपासून घ्यावा. तशा यंत्रावर अपडेट करणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे होय.

यानंतर बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. अपडेटनंतर सेटिंग पुसली जातात आणि आपण तीन वर्षांपूर्वी काय बदलले होते ते कोणालाही आठवत नाही. विशेषतः ‘साटा मोड’ (डिस्कशी बोलण्याची पद्धत) या नोंदीसमोर एएचसीआय आहे की आयडीई, आणि बूटची पद्धत लेगसी (जुन्या बायोसची) आहे की यूईएफआय (त्याच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरची), हे दोन फोटो स्पष्ट आले पाहिजेत. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर सांकेतिक करणारा विंडोजचा प्रोग्राम) चालू असेल तर तो विंडोजमधून काही काळासाठी थांबवावा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. ती त्याच संगणकात जपून ठेवण्याचा काही उपयोग नाही.

उतरवलेली झिप फाइल आधी उघडावी लागते. आतली बायोस फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या लहानशा पेनड्राइव्हवर, कोणत्याही फोल्डरात न टाकता थेट ठेवावी. कंपनीने फायलीचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळण्याचा आकडा) दिला असेल तर तो जुळवून पाहा. पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या, शक्यतो यूएसबी २च्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टांची केबल वर्षानुवर्षांत सैल झालेली असते. जादा डिस्का, प्रिंटर वगैरे काढून टाका. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरोखर टिकते का, हे आदल्या दिवशी प्लग काढून पाहावे.

बायोसमध्ये शिरून ‘डिफॉल्ट’ सेटिंग भरा, जतन करून पुन्हा सुरू करा, पुन्हा आत जा आणि मग साधन उघडा. जुन्या आवृत्तीची प्रत जतन करण्याचा पर्याय दिसला तर तो अवश्य वापरा. फाइल निवडल्यावर नाव व तारीख पुन्हा दाखवली जाते. ती वाचूनच होकार द्या. यानंतरचे काम बहुधा तीन-चार मिनिटांचे असते : आधी पुसण्याची, मग लिहिण्याची, मग पडताळणीची पट्टी पुढे सरकते. मधल्या टप्प्यात एखादी पट्टी अर्ध्या मिनिटापर्यंत जागची हलत नाही, पंखा एकदम जोरात फिरू लागतो, आणि नेमका याच वेळी माणसाचा हात बटणाकडे जातो. तो आवरावा. माझ्या हातून पहिला बोर्ड गेला तो असाच. पट्टी ८८ टक्क्यांवर थांबली असे मला वाटले, आणि ती थांबलेली नव्हती. लिहून झाल्यावर संगणक स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होऊ शकतो आणि पहिल्या वेळी पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ काळा राहतो. रॅमची नव्याने जुळणी चालू असते. दहा मिनिटे थांबायची तयारी ठेवूनच बसावे.

शेवटी पुन्हा आत जाऊन डिफॉल्ट भरा, फोटो पाहून आपली सेटिंग लावा आणि मगच विंडोज सुरू होऊ द्या.

प्रश्न : अपडेट यशस्वी झाले असा संदेश आला, पण आता विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो. डिस्क पुसून सगळे नव्याने टाकावे का?

उत्तर : मुळीच नाही. निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिले असेल, तर ‘साटा मोड’ बदलला आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. आधी तो आयडीई असेल तर डिफॉल्टने एएचसीआय केला, किंवा याच्या उलट. तो पूर्ववत केला की विंडोज जशी होती तशी उभी राहते. निळ्या पडद्याऐवजी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश असेल तर लेगसी आणि यूईएफआय यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहा. ज्यांनी फोटो काढले नाहीत त्यांनी दोन्ही पर्याय एकेक करून पाहावेत. त्याने डिस्कवरील मजकुराला धक्का लागत नाही. डिस्क दुरुस्तीचे प्रोग्राम मात्र यात चालवू नयेत.

प्रश्न : अपडेट चालू असतानाच वीज गेली. आता संगणक सुरू केला की पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पुढे काहीही होत नाही. बोर्ड भंगारात टाकावा का?

उत्तर : इतक्यात नको. आपल्या बोर्डात काय सोय आहे, त्यावर पुढचा मार्ग ठरतो.

काही बोर्डांवर बायोसच्या दोन चिपा असतात. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर ‘ड्युअल बायोस’ असे छापलेलेच असते. मुख्य चिप बिघडली तर राखीव चिपेवरून ती पुन्हा भरली जाते, आणि त्यासाठी कधी कधी केवळ दोन-तीनदा बंद-चालू करून स्वस्थ बसणे पुरते. काही बोर्डांच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे बटण आणि त्यासाठी खुणेचा यूएसबी पोर्ट असतो. तिथे प्रोसेसर ओळखला न जाताही, नुसत्या पॉवर सप्लायवर, पेनड्राइव्हवरील फाइल चिपमध्ये जाते. फायलीचे नाव नेमके काय ठेवायचे हे पुस्तिकेत दिलेले असते आणि एका अक्षराची चूकही चालत नाही. त्याहून जुन्या बोर्डांत बूट ब्लॉक नावाचा लहानसा भाग अपडेटच्या वेळी सहसा पुसला जात नाही. अवॉर्ड बायोसचा बूट ब्लॉक फ्लॉपी शोधतो, एएमआयचा बऱ्याच बोर्डांवर कंट्रोल आणि होम या कळा धरून ठेवल्यावर ठरावीक नावाची फाइल शोधतो. पडदा काळा असूनही फ्लॉपीचा किंवा पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल, तर बूट ब्लॉक जिवंत आहे असे समजावे आणि धीर धरावा.

यांपैकी काहीच नसेल तर चिप बाहेरून लिहावी लागते. गेल्या पंधरा-एक वर्षांतील बहुतेक बोर्डांवर ही चिप आठ पायांची, करंगळीच्या नखाहूनही लहान असते आणि तिच्या पाठीवर बहुधा २५ने सुरू होणारा क्रमांक किंवा डब्ल्यू२५क्यू६४ असे काहीसे कोरलेले असते. त्यातील ६४ म्हणजे ६४ मेगाबिट, अर्थात ८ एमबी. तिच्या एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा खोलगट ठिपका असतो. तो पहिला पाय. चिप सॉकेटात बसवलेली असेल तर अलगद उपसून काढता येते, डाखलेली असेल तर तिच्यावर क्लिप लावतात. क्लिपची लाल तार त्या ठिपक्याकडे आली पाहिजे. सीएच३४१ए हा साधा प्रोग्रामर आणि फ्लॅशरॉम हा प्रोग्राम यांवर हे काम होते, मात्र त्याआधी बोर्डाची वीज तोडून आणि सेल काढून ठेवावा, आणि चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची ते तिच्या क्रमांकावरून नक्की करावे, कारण १.८ व्होल्टच्या चिपेला हा प्रोग्रामर थेट लावल्यास ती जळू शकते.

लिहिण्यापूर्वी आहे तो मजकूर, बिघडलेला असला तरी, दोनदा वाचून घ्या आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का पाहा. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही. त्या मजकुरात अनेकदा आपल्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता आणि बोर्डाचा क्रमांक असतो, जो संकेतस्थळावरील फायलीत नसतो. तसेच संकेतस्थळावरील फाइल चिपच्या आकारमानाएवढीच आहे याची खात्री करा. ८ एमबीच्या चिपेसाठी ती ८३,८८,६०८ बाइटची हवी. थोडी मोठी असेल तर सुरुवातीला जोडलेला शीर्षकाचा भाग काढावा लागतो. हे सगळे वाचून छातीत धडधड वाढत असेल, तर काम मोबाइल व लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे सोपवावे; त्याच्यासाठी ते रोजचे आहे.

प्रश्न : विंडोज १०चा आधार संपला. बायोस अपडेट केल्यास माझ्या तिसऱ्या पिढीच्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे चालेल का?

उत्तर : नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला हे खरे. पण विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना केवळ खात्रीचाच प्रोग्राम चालू देणारी सोय) यांबरोबरच प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो, आणि इंटेलच्या बाबतीत ती यादी, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. बायोस अपडेटने प्रोसेसर बदलत नाही. आठव्या पिढीचा संगणक असून ‘टीपीएम नाही’ असा संदेश येत असेल तर मात्र बायोसमध्ये इंटेल पीटीटी किंवा एएमडी एफटीपीएम ही टीपीएमची नोंद चालू करून पाहावी. बहुधा तेवढेच बाकी असते, अपडेटही लागत नाही.

प्रश्न : जुन्या संगणकात ४ टीबीची डिस्क आणि एनव्हीएमई एसएसडी बसवायची आहे. दोन्ही बायोस अपडेटने चालतील का?

उत्तर : दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत. डिस्कची अडचण बायोसपेक्षा विभागणीच्या पद्धतीत आहे. जुन्या एमबीआर पद्धतीत ३२ बिटांत सेक्टर मोजले जातात आणि ५१२ बाइटच्या सेक्टरला २.२ टीबीच्या पुढे मोजणी जात नाही. डिस्क केवळ साठवणीसाठी असेल तर तिला जीपीटी पद्धत द्या. ६४ बिट विंडोज जुन्या बायोसवरही ती पूर्ण वापरते. तिच्यावरूनच विंडोज सुरू करायची असेल तर यूईएफआय हवे. जुन्या पद्धतीच्या बायोसचे यूईएफआयमध्ये रूपांतर करणारे अपडेट क्वचितच निघाले आहे, त्यामुळे त्याची वाट पाहू नये.

एनव्हीएमईवरून, म्हणजे साटाऐवजी अधिक वेगवान जोडणी वापरणाऱ्या एसएसडीवरून, बूट होण्यासाठी फर्मवेअरमध्ये तिचा ड्रायव्हर लागतो आणि तो साधारणपणे २०१४नंतरच्या बोर्डांतच आढळतो. काही कंपन्यांनी आधीच्या बोर्डांनाही अपडेटने तो दिला, म्हणून नोंदी जरूर वाचा. उत्साही मंडळी बायोस फाइल उघडून त्यात हा ड्रायव्हर स्वतः घालतात. ज्याच्याकडे वर सांगितलेला प्रोग्रामर आणि दुसरा संगणक नाही त्याने हा उद्योग करू नये. साटाची साधी एसएसडी जुन्या यंत्राला पुरेसा वेग देते आणि तिला बायोसला हातही लावावा लागत नाही.

प्रश्न : एक प्रोग्राम माझे सगळे ड्रायव्हर आणि बायोसही आपोआप अद्ययावत करून देतो म्हणे. वापरावा का?

उत्तर : तो संगणकाच्या किंवा बोर्डाच्या कंपनीचा नसेल तर वापरू नये. लिनक्सवरील एफडब्ल्यूयूपीडी हा फर्मवेअर अद्ययावत करणारा प्रोग्राम सन्मान्य अपवाद आहे, कारण त्याच्याकडील फायली कंपन्यांनीच दिलेल्या असतात. पण जुने डेस्कटॉप बोर्ड त्यात फारसे सापडत नाहीत.

प्रश्न : माझ्या संगणकाची तारीख रोज मागे जाते आणि सुरू होताना ‘चेकसम एरर’ असा संदेश येतो. बायोस खराब झाले असे समजून मी अपडेट करणार आहे. योग्य आहे का?

उत्तर : थांबा. हा संदेश बायोसच्या प्रोग्रामविषयी नाही, सेटिंग साठवणाऱ्या सीमॉस मेमरीविषयी आहे. ती आणि घड्याळ ही दोन्ही बोर्डावरच्या सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलवर चालतात. नवा सेल मीटरवर ३ व्होल्टहून किंचित अधिक दाखवतो. आपला बहुधा त्याच्या बराच खाली गेला असेल. संगणक बंद करून केबल काढा, सेलच्या कडेची पत्र्याची जीभ नखाने बाजूला दाबा म्हणजे तो वर उडेल, आणि ‘अधिक’ची खूण वर ठेवून नवा बसवा. त्यानंतर एकदाच बायोसमध्ये जाऊन तारीख आणि ‘साटा मोड’ नीट लावून जतन करा. आठवडाभर तारीख जागेवर राहिली तर अपडेटचा बेत रद्द करायला हरकत नाही.